पगाराचं खातं, घरचं खातं आणि एकच कार्ड

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

काकू, नमस्कार. मी मूळची कराडजवळच्या एका गावातली, वय २४. गेल्या वर्षी हिंजवडीत नोकरीला लागले. हातात ३८,००० पडतात. कंपनीने एका खासगी बँकेत पगाराचं खातं काढून दिलंय, सगळे व्यवहार त्यातूनच करते. गावाकडे जिल्हा बँकेत बाबांनी माझ्या शाळेच्या वेळी काढलेलं खातं आहे, त्यात दोन-तीन हजार पडून आहेत. भाड्याचा माझा वाटा ९,०००, मेस ३,५००, घरी ८,००० पाठवते, एसआयपी ३,०००, पेट्रोल आणि येणं-जाणं २,०००, किराणा आणि किरकोळ ३,०००, ऑनलाइन खरेदी २,५०० (बहुतेक ॲमेझॉनवर), मोबाइल आणि वीज १,०००. सहा हजार उरतात. माझ्या रूममेटकडे तीन क्रेडिट कार्डं आहेत, ती पॉइंट जमवते, कॅशबॅक दाखवते. मला रोज फोन येतात, 'मॅडम, लाइफटाइम फ्री आहे.' आईला विचारलं तर ती म्हणाली, कार्ड म्हणजे उधारी, आपल्या घरात उधारी नको. रोजच्या वापराला खातं कुठलं ठेवू? आणि कार्ड घेऊ की नको, घेतलं तर कुठलं?

उत्तर:

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण खर्चाचे आकडे तू स्वतःहून लिहिलेस. एकतीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसले. 'कुठलं खातं चांगलं' असं विचारणारे रोज भेटायचे. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे सांगणारे मात्र महिन्यातून एखाददुसरे. त्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नसतं. तुझे आकडे समोर आहेत, तर त्यांच्यावरूनच बोलू.

आधी खातं. पगाराच्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, डेबिट कार्डही बहुतेक वेळा फुकट असतं. पण ही सवलत पगाराला आहे, तुला नाही. पगार जमा होणं साधारण तीन महिने थांबलं की बँक ते खातं साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिलकीची अट लागू होते. माझ्या मुलाच्या बाबतीत हेच झालं. त्याने नोकरी बदलली, नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं काढलं, जुन्यात चार हजार राहिले. आठ महिन्यांनी त्याने खातं उघडून पाहिलं तर शिल्लक शून्यावर आली होती. दर महिन्याला दंड, दंडावर जीएसटी. बँकेने एसएमएस पाठवले होते, पण ते जाहिरातींच्या गर्दीत गेले. शाखेत जाऊन भांडून निम्मे परत मिळाले. माझा मुलगा, आणि मी घरात असताना हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुला पहिली गोष्ट हीच सांगते: नोकरी बदलशील त्या महिन्यातच जुन्या खात्याचं काय करायचं ते ठरव. बंद करायचं असेल तर लेखी अर्ज देऊन बंद कर, नुसतं रिकामं करून सोडू नकोस.

एक नियम तुझ्या बाजूचा आहे, तो लक्षात ठेव. किमान शिल्लक कमी पडली म्हणून लावलेल्या दंडाने बचत खातं उण्यात नेता येत नाही, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५पासून तसा नियम केला आहे. शून्यापर्यंत खाऊ शकतात, त्याखाली नाही. 'आधी उणे रक्कम भरा, मगच खातं बंद करू' असं कुणी म्हणालं तर हा नियम पुढे कर.

किमान शिल्लक किती, हा बँकेचा स्वतःचा निर्णय असतो आणि तो बदलतो. ऑगस्ट २०२५मध्ये आयसीआयसीआय बँकेने मोठ्या शहरांतल्या नव्या बचत खात्यांसाठी ती ५०,००० केली आणि ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत १५,०००वर आणली. उलट स्टेट बँकेने बचत खात्यावरची ही अट मार्च २०२०मध्येच काढली. २०२५मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदा यांनीही दंड बंद केला. तुझ्यासारखीला, जिचे सहा हजारच उरतात, हा फरक कुठल्याही रिवॉर्डपेक्षा मोठा आहे.

म्हणून माझं मत असं. पगाराचं खातं राहू दे, पण पैसा त्यात मुक्कामाला ठेवू नकोस. दुसरं एक साधं बचत खातं काढ, किमान शिलकीचा दंड नसलेल्या सरकारी बँकेत, जिची शाखा कराडलाही आहे आणि तुझ्या खोलीपासून स्कूटीने दहा मिनिटांवरही. ते आईबरोबर संयुक्त काढ. फॉर्मवर व्यवहार कोण करणार या रकान्यात 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ही खूण कर, म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटीने व्यवहार करू शकते. घरी पाठवायचे आठ हजार आणि उरलेले सहा हजार महिन्याच्या दोन तारखेला त्यात जाऊ देत. एकदा स्थायी सूचना देऊन ठेवलीस की ते आपोआप होतं. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायला, १ जानेवारी २०२०पासून शुल्क लागत नाही. आईला कराडच्या शाखेत जाऊन पैसे काढता येतील आणि तुला गावच्या गरजेचा हिशेब पासबुकात दिसेल.

संयुक्त का, असं तुझ्या मनात येईल. काउंटरवर मी पाहिलंय, दवाखान्याची वेळ येते तेव्हा पैसा असतो, पण ज्याच्या नावावर असतो तोच खाटेवर असतो.

जिल्हा बँकेतलं खातं बंद करू नकोस. बाबांचं ऊसबिल, सोसायटीचं पीककर्ज, सगळं तिथूनच होत असणार. फक्त वर्षातून एकदा तरी त्यात व्यवहार कर. दोन वर्षं खातेदाराने काहीच केलं नाही तर खातं निष्क्रिय धरतात आणि मग केवायसीची कागदपत्रं घेऊन हेलपाटे पडतात. सहकारी बँकेतल्या पैशाची काळजी वाटत असेल तर एवढं समजून घे: सहकारी असो, सरकारी असो की खासगी, एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२०पासूनची, त्याआधी ती फक्त १ लाख होती. सगळ्या शाखा मिळून ५ लाख, प्रत्येक शाखेला वेगळे नाहीत. गावातल्या पतसंस्थेला मात्र हा विमा लागू नाही. पतसंस्था आणि बँक यांच्या पाट्या सारख्याच दिसतात, पासबुकंही तशीच, म्हणून बाबांच्या ठेवी नेमक्या कुठे आहेत ते एकदा बघ.

पुण्यात राहतेस म्हणून रुपी बँकेचं नाव तुझ्या कानावर आलं असेल. २०१३च्या फेब्रुवारीत तिच्यावर निर्बंध आले आणि २०२२मध्ये परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षं किती निवृत्त माणसं स्वतःच्याच पैशासाठी फेऱ्या मारत होती, ते या शहराने पाहिलंय. २०२१मध्ये कायदा बदलला. आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते. तरीही मी सांगेन, आयुष्यभराची पुंजी एका ठिकाणी ठेवायची नाही.

व्याजाच्या मागे लागून खातं निवडू नकोस. मोठ्या बँका सध्या बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास देतात. समज, तुझे चाळीस हजार साठले आणि वर्षभर पडून राहिले तर हजार रुपये. कुणी एखादा टक्का जास्त दिला तर चारशे रुपयांचा फरक. तेवढे पैसे डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क आणि एसएमएसचं शुल्क यांतच जातात, म्हणून खातं काढताना व्याजदराआधी सेवाशुल्काचं पत्रक मागून घे. एटीएमचंही बघ. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसह सहा महानगरांत महिन्याला तीन व्यवहार फुकट असतात. पुणे त्या सहांत येत नाही, त्यामुळे तुला पाच मिळतात. नुसती शिल्लक बघितली तरी तो एक व्यवहार मोजला जातो. त्यापुढे मे २०२५पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर.

आणि कधी किमान शिलकीच्या खात्यात अडकलीसच तर एक जुनी गोष्ट सांगते. 'मासिक सरासरी दहा हजार' याचा अर्थ रोज दहा हजार असा नाही. तीस दिवसांच्या शिलकींची बेरीज तीन लाख झाली की पुरे. पगार झाल्यावर तीस हजार दहा दिवस राहिले तरी महिन्याची अट पूर्ण होते.

आता कार्ड.

आई चुकीचं बोलली नाही. क्रेडिट कार्ड ही उधारीच आहे. आमच्या लहानपणी वाण्याकडे वही असायची, महिनाभर सामान वहीवर यायचं आणि पगार झाला की वडील स्वतः जाऊन ती वही चुकती करायचे. तुझ्या आईने अशी वही नक्की पाहिली असेल. आणि ज्या घरातली वही चुकती झाली नाही, तेही पाहिलं असेल. कार्ड ही तशीच वही आहे. फरक इतकाच की वाणी राहिलेल्या रकमेवर व्याज लावत नव्हता.

काउंटरवरचा एक प्रसंग सांगते. पावसाळ्यात एक मुलगा आला, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. वैयक्तिक कर्ज हवं होतं. कशाला, विचारलं तर खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. दुसऱ्या एका बँकेच्या कार्डाचं बिल. भिजून अक्षरं पसरली होती. तो म्हणाला, 'मॅडम, मी एकही महिना चुकवला नाही. दर महिन्याला जेवढे भरा म्हणतात तेवढे भरतो, तरी कमीच होत नाही.' तो 'मिनिमम ड्यू' भरत होता. कागदावर दोन आकडे शेजारी छापलेले असतात, एकूण देय आणि किमान देय. त्याने वर्षभर लहान आकडा भरला होता आणि आपण नियमित आहोत या समाधानात राहिला होता.

हे तुला आकड्यांत दाखवते, नाहीतर पटणार नाही. समज, १० जूनला तू कार्डावर २४,०००चा फ्रिज घेतलास. ५ जुलैला बिल आलं, २५ जुलै शेवटची तारीख. पूर्ण २४,००० भरलेस तर व्याज शून्य, दीड महिना बँकेचे पैसे फुकट वापरलेस. पण तू किमान रक्कम भरलीस, साधारण ५ टक्के, म्हणजे १,२००. आता बिनव्याजी मुदत गेली. राहिलेल्या २२,८००वर व्याज २५ जुलैपासून लागत नाही, १० जूनपासून लागतं. दर महिना साडेतीन टक्के धर, म्हणजे वर्षाला ४२. ५ ऑगस्टच्या बिलापर्यंत ५६ दिवस झाले, व्याज सुमारे १,४७०. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे २६५. बाकी झाली साधारण २४,५३५. बाराशे भरूनही सुरुवातीपेक्षा पाचशे रुपये जास्त. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही, भाजी घेतलीस तरी त्या दिवसापासून व्याज. आणि त्या फ्रिजवर एक टक्क्याने कॅशबॅक किती मिळाला असता? २४० रुपये.

या व्याजाला वरची मर्यादाही नाही. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे तुझं रक्षण एकाच गोष्टीत आहे, पूर्ण बिल भरण्यात.

मग कार्ड घेऊच नकोस का? तुझ्या बाबतीत मी घे म्हणेन, कारण महिन्याच्या शेवटी तुझ्याकडे सहा हजार उरतात आणि ते वर्षभर उरत आलेत. ज्यांचे वीस तारखेला पैसे संपतात त्यांना मी कार्ड घेऊ नका असंच सांगते, कितीही लाइफटाइम फ्री असलं तरी. तुला ते दोन कारणांसाठी उपयोगी आहे. पहिलं, उद्या घराचं कर्ज घ्यायचं झालं तर बँक तुझा पतगुणांक बघेल, सिबिलचा आकडा ३०० ते ९००च्या मध्ये असतो आणि ७५०च्या वर असला की बोलणं सोपं जातं. आज तुझ्या नावावर कुठलंच कर्ज नाही, म्हणजे बँकेला तुझी ओळखच नाही. दोन-तीन वर्षं वेळेवर पूर्ण भरलेलं एक लहान कार्ड ती ओळख तयार करतं. दुसरं कारण रिवॉर्ड. पण ते किती, हे आधी मोजू.

तुझे ३८,०००. भाड्याचे ९,००० कार्डावर टाकायचे तर मधलं ॲप एक टक्का किंवा जास्त शुल्क घ्यायचं, २०२५मध्ये पुष्कळ ॲपनी ती सोयच बंद केली, आणि भाड्यावर पॉइंट बहुतेक कार्डांनी बंद केलेत. मेसवाल्या काकूंना तू त्यांच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआय करतेस, तिथे कार्ड चालत नाही. घरचे आठ हजार आणि एसआयपी कार्डावर होत नाहीत. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, फक्त कार्डाने पैसे दिल्यावर लागणारा अधिभार माफ करतात, आणि तोही पुष्कळ कार्डांवर चारशे रुपयांच्या वरच्या बिलाला. स्कूटीत तू तीनशेचं टाकत असशील, मग तेही नाही. उरलं काय? ऑनलाइनचे अडीच हजार, किराण्याचे तीन हजार, मोबाइल-विजेचे एक हजार. साडेसहा हजारांवर रिवॉर्ड मिळणार. ३८,०००वर नाही.

ॲमेझॉनचंच कार्ड घेऊन बघू, कारण तुझी खरेदी तिथे आहे. आयसीआयसीआय बँकेबरोबरचं त्यांचं कार्ड आजन्म मोफत आहे. ॲमेझॉनवरच्या खरेदीला प्राइम, म्हणजे त्यांचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व, असेल तर ५ टक्के, नसेल तर ३ टक्के, इतर बहुतेक खर्चाला १ टक्का. म्हणजे तुला महिन्याला ११५ ते १६५ रुपये, वर्षाला चौदाशे ते दोन हजार. एवढाच हा डाव आहे. वर्षाला ९९९ शुल्क असलेलं कार्ड घेतलंस तर जीएसटी धरून ११७९ जातात, मग उरतं काय? आणि कार्डासाठी म्हणून प्राइम घेऊ नकोस, आधीच घेतलेलं असेल तरच ५ टक्के मोज.

पॉइंट आणि कॅशबॅक यांत तू कॅशबॅक घे. पॉइंटची खरी किंमत शोधावी लागते. 'शंभर रुपयांवर दोन पॉइंट' ऐकायला छान वाटतं, पण एक पॉइंट २५ पैशांचा असेल तर हा अर्धा टक्का झाला. तुझ्या रूममेटचे दहा हजार पॉइंट म्हणजे दहा हजार रुपये नव्हेत, २५ पैशांच्या हिशेबाने अडीच हजार. त्यातही पुष्कळ बँका पॉइंट वापरताना ९९ रुपये आणि जीएसटी घेतात, आणि पॉइंटना मुदत असते. तिला एकदा प्रेमाने विचार, गेल्या वर्षी हातात नेमके किती आले आणि शुल्कात किती गेले. तीन कार्डांच्या तीन तारखा सांभाळताना एक जरी चुकली तरी वर्षाचा कॅशबॅक गेला.

तुझा किराणावाला कार्डाचं मशीन ठेवत नसेल, फक्त क्यूआर लावत असेल, तर रुपे क्रेडिट कार्डाचा विचार कर. २०२२पासून ते यूपीआयला जोडता येतं आणि दुकानाचा क्यूआर स्कॅन करून पैसे कार्डावरून जातात. व्यक्तीला पाठवता येत नाहीत, फक्त दुकानदाराला. यूपीआयवरच्या खर्चावर कार्ड किती देतं, हे आधी वाच, कारण पुष्कळ ठिकाणी तो दर वेगळा असतो. पण इथे एक सावधगिरी. यूपीआयने खात्यातले पैसे जातात तेव्हा शिल्लक कमी झालेली दिसते आणि हात आपोआप आखडतो. कार्ड जोडलं की चहाच्या टपरीपासून सगळं वहीवर जातं आणि शिल्लक तशीच दिसत राहते. पहिले सहा महिने तरी ॲमेझॉनचं साधं कार्डच ठेव, असं माझं मत आहे. रुपे कार्ड पुढे घेता येईल. एका वेळी चार ठिकाणी अर्ज करू नकोस, प्रत्येक अर्जाची चौकशी पतअहवालात उमटते. तो अहवाल सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुझ्या नावावर भलतंच कर्ज दिसत नाही ना, ते बघायला तरी तो माग.

कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी ऑटो डेबिट लाव, आणि तिथे दोन पर्याय येतील तेव्हा 'टोटल अमाउंट ड्यू'वर खूण कर. 'मिनिमम'वर खूण पडलेली माणसं मी पाहिली आहेत, वर्षभर त्यांना वाटत होतं की बिल आपोआप भरलं जातंय. तुझा पगार एक तारखेला होतो, तर शेवटची तारीख पाच-सातच्या आसपास यावी. बिलाचं चक्र बदलून मागता येतं, तशी सोय देणं बँकांवर बंधनकारक आहे. लिमिट एक लाखाचं मिळालं तरी महिन्याला तीस हजारांच्या पुढे जाऊ नकोस. तुझं तर सात हजारांतच भागेल. एटीएममधून कार्डाने रोख कधीच काढायची नाही, त्यात शुल्कही लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. 'नो कॉस्ट ईएमआय' दिसला तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बिलात कुठे आहे ते शोध, आणि एकरकमी दिल्यावर मिळणारी सूट त्यात गेली नाही ना, तेही बघ.

फोनवाल्यांचं. 'लाइफटाइम फ्री' हे शब्द फोनवर ऐकून हो म्हणू नकोस. अर्जावर किंवा बँकेच्या ईमेलमध्ये ते लिहून दे म्हणावं. कार्डाबरोबर विमा किंवा 'कार्ड प्रोटेक्शन' जोडतात, त्याला स्पष्ट नाही म्हण. न मागता कार्ड आलं तर ते चालू करू नकोस. तीस दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला तुझी ओटीपीने संमती मागावी लागते, आणि तू दिली नाहीस तर कुठलाही खर्च न लावता सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं. पुढे तुला कार्ड बंद करायचं असेल, आणि बाकी काही नसेल, तरी हीच सात दिवसांची मुदत आहे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुला द्यायचा आहे. दाद लागली नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा फोन १४४४८.

ओटीपी मात्र कुणालाही द्यायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. मी एकतीस वर्षांत कुठल्याही ग्राहकाचा ओटीपी किंवा पिन विचारला नाही, कारण बँकेला तो लागतच नाही. तरीही पैसे गेलेच तर लाजत बसू नकोस. लगेच बँकेला कळव आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. तुझी चूक नसताना, बाहेरच कुठेतरी घोटाळा होऊन पैसे गेले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तू कळवलंस तर नुकसान तुझ्यावर येत नाही. ओटीपी आपण दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच असतं, म्हणून तिथे मिनिटांचा हिशेब आहे.

आईला हे कार्ड लपवू नकोस. पहिलं बिल आलं की तिला दाखव, भरल्याची पावतीही दाखव. वही चुकती झालेली तिने डोळ्यांनी पाहिली की तिची भीती जाईल.

पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा शनिवार बघून जा, फक्त महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार टाळ, बँक बंद असते. तुझं आणि आईचं आधार, पॅन आणि दोन-दोन फोटो बरोबर घे. फॉर्म भरताना शाखेत अपघात विम्याचंही विचार, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं संरक्षण आहे, ते आईच्याही खात्याला लावता येईल. आणि नामनिर्देशनाचा रकाना रिकामा सोडू नकोस. १ नोव्हेंबर २०२५पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. तू आणि आई खातेदार आहात, तर तिथे बाबांचं नाव घाल, आणि पगाराच्या खात्यावर आईचं आहे का, तेही त्याच दिवशी मोबाइलवर बघून घे.

तुझी,
काकू